उकड जमते? मग रिसोल जमलाच म्हणून समजा

पोर्तुगालहून परत आलेला माणूस हमखास पश्तेल द नाताचं कौतुक सांगतो. अंड्याच्या गोड सारणाची, वरून जळके डाग पडलेली ती छोटी वाटी खरंच छान लागते, वाद नाही. पण लिस्बनमधल्या कुठल्याही पश्तेलारियात शिरलात (पश्तेलारिया म्हणजे बेकरी, चहाचं हॉटेल आणि गल्लीतला कट्टा, तिन्ही एकात), तर काचेच्या कपाटात गोडाशेजारी एक फळी तिखटामिठाची असते. तिच्यासमोर नवा माणूस अडखळतो. सगळंच तपकिरी, बहुतेक सगळं तळलेलं, आणि गिऱ्हाइकाला ठाऊकच आहे असं धरून कित्येकदा पाट्याही लावलेल्या नसतात. लिस्बनला आले तेव्हा पहिला महिनाभर मी नुसतं बोट दाखवून काम भागवलं. एकदा कोंबडीचं समजून घेतलेलं वासराच्या मांसाचं निघालं, तेव्हा मात्र वही काढून नावं लिहून घ्यायला बसले.

त्या वहीतलं जे कामाचं ठरलं ते इथे देतेय. शिकायला किंवा नोकरीला तिकडे निघालेल्यांना पहिला अर्धा भाग उपयोगी पडेल. दुसरा अर्धा भाग ओट्याशी उभं राहून वाचायचा आहे, मग ओटा पुण्यातला असो की पोर्तूतला. यातला सगळ्यांचा लाडका पदार्थ म्हणजे रिसोल, आणि तो आपल्याला बराचसा येतोच: पारी उकडीची, आकार करंजीचा. नवं शिकायचं ते फक्त सारण.

कपाटात काय काय असतं

या सगळ्या प्रकारांना मिळून साल्गादुश म्हणतात, शब्दशः 'खारे'. एकच असेल तर साल्गादु. उच्चाराची एक खूण आधीच सांगते: शब्दाच्या शेवटी किंवा दुसऱ्या व्यंजनाच्या आधी आलेला 'स' तिकडे 'श' होतो. म्हणून पास्तेल नाही, पश्तेल. एवढं पाळलं तरी काउंटरपलीकडची बाई लगेच इंग्रजीवर उतरत नाही.

अर्धचंद्राकृती, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवलेला तो रिसोल. बहुतेकदा आत कोळंबी, म्हणजे कामाराँव. मांसाचाही मिळतो, आणि बाईराडा भागाकडचा म्हणून कोवळ्या डुकराचाही. अनेकवचन रिसॉइश.

बोटाएवढी लांबट, दोन्ही टोकं गोल अशी वळकटी म्हणजे क्रोकेत. हा गोमांसाचा असतो. शिजवलेलं मांस बारीक दळून, दाट पांढऱ्या सॉसमध्ये बांधून, चुऱ्यात घोळवून तळतात, आणि पुष्कळदा त्यात डुकराच्या मांसाचं सॉसेजही मिसळलेलं असतं. सोबत मोहरीची चटणी. आपल्याकडे 'क्रोकेट' म्हणून बटाट्याचं काहीतरी मिळतं, त्या समजुतीने तिकडे मागू नका.

तीन बाजूंचा, बदामासारखा दिसणारा तो पश्तेल द बाकल्याव. उत्तरेत, पोर्तूच्या बाजूला, त्यालाच बोलीन्यु द बाकल्याव म्हणतात. बाकल्याव म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. गंमत म्हणजे हा मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. शतकानुशतकं तो न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यातून धरून आणला, आता मुख्यतः नॉर्वेहून येतो, आणि तरी तिथल्या घराघरात तोच राष्ट्रीय मासा. खाऱ्या बांगड्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला यात फारसं नवल वाटणार नाही. हा मासा दिवस-दीड दिवस थंड पाण्यात ठेवून, तीन-चारदा पाणी बदलून खारटपणा उतरवतात. मग शिजवून त्याचे धागे धागे सुटे करतात आणि उकडलेला बटाटा, अंडं, कांदा, पार्सली घालून मळतात. आकार दोन चमच्यांनी द्यायचा: एका चमच्यातलं मिश्रण दुसऱ्याने खरवडून घ्यायचं, परत पहिल्याने, परत दुसऱ्याने, की आपोआप तीन कडा उमटतात. हाताने वळलेला गोल गोळा दिसला तर मी जरा संशयानेच बघते. लिस्बनच्या पर्यटकी रस्त्यांवर हल्ली आत वितळलेलं चीज भरून याच पदार्थाची महागडी आवृत्ती विकतात. हौस असेल तर एकदा खा, पण ती परंपरा नव्हे, अलीकडची शक्कल आहे.

एंपादा म्हणजे झाकण असलेली छोटी भाजलेली वाटी, आत कोंबडी; आलेंतेजु भागाची प्रसिद्ध. पश्तेल द मासा तेन्रा म्हणजे चुरा न लावता तळलेला, पुरीसारखे फोड आलेला पातळ पारीचा प्रकार, आत खिमा. दिसायला खरी करंजी हीच! पश्तेल द शावश हा पार उत्तरेचा, स्पेनच्या सीमेजवळच्या शावश गावचा. खारीसारख्या पापुद्र्यांच्या पारीत वासराचा खिमा असतो. या नावाला २०१५ साली युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षणही मिळालं.

आणि शामूसा. हो, तोच आपला. मात्र पंजाबी जाड पारीचा नव्हे. पातळ पट्टीचा, घडी घालून केलेला त्रिकोण, आत मसालेदार खिमा. हा गोव्याचा प्रवासी. १५१० ते १९६१ असं साडेचारशे वर्षं गोवा पोर्तुगीजांकडे होता, तेव्हा पदार्थांची ये-जा दोन्ही दिशांनी झाली. पुढे १९६१ नंतर, आणि १९७५ साली मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर तिथून, गोव्याची आणि इतर भारतीय मुळांची बरीच कुटुंबं लिस्बनला आली. त्यांच्याबरोबर शामूसा इतका रुळला की आज कुठल्याही साध्या कॅफेच्या कपाटात तो रिसोलच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो. उलट दिशेने रिसोल गोव्यात आला. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत नाताळला आणि लग्नात रिसॉइस लागतातच, फक्त तिथे 'श'चा पुन्हा 'स' झालाय.

मागायचं कसं

वेळ महत्त्वाची. साल्गादुश सकाळी तळतात आणि मग ते कपाटात तसेच, खोलीच्या तापमानाला राहतात. आपल्याला गरमागरम वड्याची सवय, त्यामुळे पहिला गार रिसोल हातात आला की वाटतं, शिळं दिलं. तसं नाही, तिथे तो असाच खातात. सकाळी अकराच्या सुमाराला गेलात तर सगळ्यात ताजा माल मिळतो. संध्याकाळी सहाला उरलेला घेऊ नये. "पोद आकेसेर?" म्हणजे गरम करून द्याल का, असं विचारता येतं, पण मायक्रोवेव्हमधून आलेल्या रिसोलचं कवच ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. मी विचारत नाही.

कामाची वाक्यं चारच:

"केरीया उम रिसोल द कामाराँव, स फाश फावोर." मला एक कोळंबीचा रिसोल हवा होता, कृपया. 'हवा होता' हेच तिथलं सभ्य रूप, थेट 'हवाय' म्हणत नाहीत.

"ए द के?" कशाचं आहे? हे वाक्य पाठच करा, माझी वासराची फजिती याने टळली असती.

"नाँव कोमु कार्न द वाका." मी गोमांस खात नाही.

"पारा लवार." बांधून द्या.

उत्तरात ऐकायचे शब्द: वाका म्हणजे गाय-बैल, वितेला म्हणजे वासरू, पोर्कु आणि लैताँव म्हणजे डुक्कर, फ्रांगु किंवा गालीन्या म्हणजे कोंबडी, लगुमश म्हणजे भाज्या. 'मिश्तु' ऐकलंत तर त्यात चीजबरोबर हॅम असणार हे धरून चाला.

शाकाहाऱ्यांना खरं सांगायचं तर हे कपाट फारसं दयाळू नाही. काही ठिकाणी भाज्यांचा शामूसा किंवा रिसोल मिळतो, पण चुऱ्याखाली अंडं असतं आणि तेल सगळ्यांना एकच. बसून खाण्याच्या साध्या खाणावळीत, म्हणजे ताश्कात, पैशीन्युश द ऑर्ता मागून बघा: 'मळ्यातले छोटे मासे'. मासा नावालाच, आहेत फरसबीच्या शेंगा, मैद्याच्या पिठात बुडवून तळलेल्या. आपली भजीच. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हीच रीत जपानला नेली आणि तिथे तिचा तेंपुरा झाला असं मानतात. पीठ भिजवताना अंडं घालतात, ते मात्र विचारून घ्या. अंडंही नको असेल तर त्रमोसुश: मिठाच्या पाण्यातले पिवळे, चपटे दाणे. दाताने साल फोडायची, दाणा आत ढकलायचा, साल बशीत. बिअरसोबत कुठेही मिळतात, आणि ओल्या भुईमुगाच्या शेंगांइतकेच हात थांबू देत नाहीत.

एक सावधगिरी. ताश्कात किंवा रेस्टॉरंटमध्ये बसल्याबसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज, कधी दोन-चार छोटे पश्तेइश समोर येतात. याला कुव्हेर म्हणतात आणि तो फुकट नसतो. हात लावला नाही तर पैसे पडत नाहीत. नको असेल तर सरळ परत न्यायला सांगा, कोणी रागावत नाही.

आता रिसोल घरी

माझ्या पहिल्या घाण्याची कथा थोडक्यात अशी: पाहुणे बाहेरच्या खोलीत, कढईत सहा रिसोल, त्यातले चार फुटले. सारण तेलात, तेल ओट्यावर, मी दाराआड. कारण एकच होतं, सारण कोमट आणि सैल होतं. म्हणून हे काम दोन दिवसांत विभागायचं. आदल्या रात्री सारण, दुसऱ्या दिवशी बाकी सगळं. खालच्या मापात अठरा-वीस होतात.

*आदल्या रात्री.* पाव किलो कोळंबी डोक्यासकट, सालासकट आणा. सोललेली गोठवलेली घेतलीत तर अर्धी चव दुकानातच राहिली. सोला, काळा धागा काढा, मांस बोराच्या बीएवढं चिरा. डोकी आणि सालं चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परता, डावाने चेचा, दीड वाटी पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा आणि गाळा. हे पाणी आटून पाऊण वाटीच्या आसपास उरायला हवं. रिसोलची सगळी मदार या पाण्यावर आहे. नुसत्या दुधात केलेलं सारण मिळमिळीत होतं, आणि लिस्बनमधल्या निम्म्या स्वस्त रिसॉइशचा दोष तोच.

जाड बुडाच्या पातेल्यात ३० ग्रॅम लोणी, त्यात एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून, रंग न बदलता मऊ होऊ द्या. ३० ग्रॅम मैदा (सपाट चार मोठे चमचे) घालून दोन मिनिटं परता, कच्चा वास जाईपर्यंत. आता कोळंबीचं पाणी थोडं थोडं ओतत, दुसऱ्या हाताने ढवळत राहा. पिठल्याच्या गुठळ्या मोडायचा सराव इथे कामी येतो. पाणी संपलं की तीन-चार मोठे चमचे दूध. मिश्रण पातेल्याची कड सोडू लागलं की कोळंबी घाला. मिनिटभरात ती शिजते, जास्त ठेवलीत तर रबर. गॅस बंद करून मीठ, किसलेलं जायफळ, थोडी लाल तिखटाची चिमूट, लिंबाचे काही थेंब आणि मूठभर चिरलेली पार्सली किंवा कोथिंबीर. कोथिंबीर घातली म्हणून रिसोल बाटत नाही. दक्षिण पोर्तुगालमध्ये, विशेषतः आलेंतेजुत, कोथिंबीर आपल्याइतक्याच सढळ हाताने वापरतात.

दाटपणाची परीक्षा: ताटात थापून गार केल्यावर पाटवडीसारखी सुरीने वडी पडली पाहिजे. पडत नसेल तर परत आचेवर. झाकून फ्रिजमध्ये रात्रभर.

*दुसऱ्या दिवशी, उकड.* एक मोठी वाटी पाणी (२५० मिली), २५ ग्रॅम लोणी, अर्धा चमचा मीठ आणि लिंबाच्या पिवळ्या सालीची एक पट्टी. पांढरा भाग येऊ देऊ नका, कडू होतो. पाणी खळखळून उकळलं की साल काढून टाका, आच मंद करा आणि १५० ग्रॅम मैदा, म्हणजे त्याच वाटीने साधारण शीग भरून एक वाटी, एकदम ओता. थोडा थोडा नाही, एकदम! उलथन्याच्या दांड्याने जोरात ढवळा. दोन मिनिटांत गोळा जमतो आणि पातेल्याच्या बुडाला पातळ पापुद्रा धरतो. तो दिसला की उतरवा.

इथपर्यंत मोदकाचीच उकड आहे. फरक यापुढे. तांदळाची उकड झाकून वाफ आणतात, ही झाकायची नाही. परातीत काढून, हात पोळणार नाही इतपत गरम असतानाच मळायची, गुळगुळीत होईस्तोवर. तांदळाची पारी ओढली की तुटते, ही ताणली जाते, त्यामुळे मोदकाला घाबरणाऱ्यांनीही हिला घाबरू नये. गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा आणि कोमट असतानाच लाटायला घ्या.

*लाटून कापणे.* करंजीसारख्या एकेक पाऱ्या लाटत बसलात तर दुपार जाईल. पोर्तुगीज बायका एकच मोठी पोळी लाटतात, दोन-तीन मिलिमीटर जाडीची. पोळीच्या कडेपासून चार बोटं आत, ओळीने, अंतर सोडून एकेक चमचा गार सारण ठेवायचं. मग ती कड सारणावर पांघरायची आणि बोटाने सारणाभोवती दाबत आतली हवा बाहेर काढायची. आता पाण्याचा काचेचा पेला उलटा धरून त्याने अर्धचंद्र कापायचा: पेल्याची अर्धी कड पिठावर, अर्धी घडीच्या बाहेर हवेत. पेल्याची बोथट कड कापता कापता शिवणही दाबून टाकते. म्हणूनच इथे कातणं वापरू नका, त्याच्या धारेने शिवण नुसती कापली जाते, मिटत नाही. आणि मुरड तर अजिबात घालू नका, मोह कितीही झाला तरी. मुरडीची जाड कड चुऱ्याखाली कच्ची राहते. मी घालून पाहिली आहे. आईला फोटो पाठवला, ती खूश झाली, खाताना मात्र कड सगळ्यांनी बशीत सोडली.

उरलेलं पीठ पुन्हा मळून पुन्हा लाटा. शिवणीवर सारण लागलं असेल तर तो रिसोल बाजूला ठेवा, तो फुटणार म्हणजे फुटणार.

*घोळवणे आणि तळणे.* एका बशीत फेटलेलं अंडं, दुसरीत ब्रेडचा चुरा. चुरा शिळ्या पावाचा, वाळवून घरी केलेला सगळ्यात चांगला, आणि पाव हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला असल्यामुळे हिशेब पुरा होतो. चहाचे टोस्ट कुटून घालू नका, ते गोड असतात आणि लवकर काळे पडतात. अंडं नको असेल तर मैद्याची ताकाइतकी पातळ पेस्ट चालते. सारणात कोळंबीऐवजी मशरूम आणि मक्याचे दाणे, पाण्याऐवजी मशरूमचाच सुटलेला रस. शाकाहारी मैत्रिणींसाठी मी हेच करते.

तेल इतकं हवं की रिसोल तरंगेल, आच मध्यम. चुऱ्याचा कण टाकल्यावर तो लगेच वर येऊन फसफसला पाहिजे, पण करपता कामा नये. थर्मामीटर असेल तर १७० ते १७५ अंश. एका वेळी चारच सोडा, दोन्ही बाजूंनी सोनेरी करा, झाऱ्याने निथळून कागदावर. आतलं सारण आधीच शिजलेलं आहे, त्यामुळे रंग आला की काम झालं. जास्त वेळ ठेवलेला रिसोलच शिवणीतून वाफ सोडायला लागतो.

सगळे आजच तळायची गरज नाही. पोर्तुगीज घराच्या फ्रीजरमध्ये रिसॉइशचा एक डबा असतोच, अचानक आलेल्या पाहुण्यासाठी. चुऱ्यात घोळवलेले कच्चे रिसोल ताटात सुटे सुटे मांडून गोठवा, कडक झाले की पिशवीत भरा. तळताना वितळू द्यायचे नाहीत, गोठलेलेच तेलात सोडायचे, फक्त आच थोडी कमी आणि वेळ थोडा जास्त. वितळवले की चुरा ओला होतो, मग पुन्हा माझ्या पहिल्या घाण्याची गत.

तिथे घरी रिसोल नुसता खाण्यापेक्षा जेवणातच जास्त असतो, टोमॅटोभात आणि हिरव्या पानांच्या सॅलडबरोबर. हा टोमॅटोभात आपल्यासारखा मोकळा, फडफडीत करू नका. तो ताटात वाढल्यावर थोडा पळाला पाहिजे, पावसाळ्यातल्या मऊ खिचडीसारखा, आणि रिसोल त्याच्या कडेला असा ठेवायचा की एक टोक रसात आणि एक टोक कुरकुरीत राहील.